कोरड्या आठ महिन्यांची फुले : अष्टागरच्या अंगणाचा इतिहास

१/
मे महिन्याचा दुसरा पंधरवडा. विहिरीचा तळ दिसू लागलेला, गवत वाळून गेलेले, अंगणातली रेताड माती पायांना चटके देणारी. अशा दिवसांत चौल, नागाव, अक्षी किंवा रेवदंड्याच्या एखाद्या जुन्या घरासमोर उभे राहिले, तर एक विसंगत दृश्य दिसते. पान नसलेल्या फांद्यांवर पांढरा चाफा भरून आलेला असतो. कुंपणाशी तांबडी कण्हेर असते, तिच्या शेजारी पिवळी बिट्टी. जोत्याच्या फटीत कोणीही न लावलेली सदाफुली उगवलेली असते. ह्या झाडांना कोणी रोज पाणी घातलेले नसते. ह्या थ्रेडचा विषय ही फुले आहेत : ती कोठून आली, आणि नेमकी तीच का टिकली?

२/
प्रथम हवामान. अलिबाग परिसरात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हा आकडा ऐकून कोकणात पाण्याचा दुष्काळ कसला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत कोसळतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढचे साधारण आठ महिने आकाश कोरडे असते. किनाऱ्याची वाळूमिश्रित जमीन पाणी धरून ठेवत नाही, आणि समुद्राचा खारा वारा पाने भाजून काढतो. त्यामुळे इथल्या बहुवर्षायु झाडाला दोन टोकाच्या परीक्षा द्याव्या लागतात : चार महिने मुळे न कुजता पावसात उभे राहणे आणि आठ महिने जवळपास पाण्याविना जगणे.

३/
आता ह्या अंगणाची जन्मपत्रिका पाहू. पांढरा चाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हीदेखील त्याच भागातली. गुलबक्षी दक्षिण व मध्य अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. सदाफुली मादागास्करची. बोगनवेल दक्षिण अमेरिकेची. ज्यांना आपण आजीच्या अंगणातली फुले म्हणतो, त्यांतली निम्मीअधिक समुद्र ओलांडून आलेली आहेत. तांबडी-पांढरी कण्हेर, कोरांटी, अबोली, प्राजक्त आणि भुईचाफा ही मात्र ह्या उपखंडाची जुनी मंडळी.

४/
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे साधनांचा प्रश्न उभा राहतो. किल्ल्याचा शिलालेख असतो, तहाचे कागद असतात, नाण्यावर राजाचे नाव असते. अंगणातल्या चाफ्याचा दस्तऐवज कोणी लिहून ठेवला? मिरी, घोडे आणि कापड यांची जकात बसे, म्हणून त्यांच्या नोंदी झाल्या. कापडात गुंडाळलेली एखादी फांदी किंवा मूठभर बी हा व्यापारी माल नव्हता. तरीही तीन प्रकारचे पुरावे हाती लागतात : फुलांची नावे, पूजाविधीतील याद्या आणि वनस्पतिशास्त्रज्ञांचे जुने ग्रंथ.

५/
नावांपासून आरंभ करू. संस्कृत साहित्यातला ‘चंपक’ म्हणजे सोनचाफा. पिवळसर, दाट सुवासाचा, उंच वृक्षावर येणारा. मराठीने ह्या एका शब्दाखाली अनेक फुले गोळा केली : सोनचाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा, नागचाफा, भुईचाफा, पांढरा चाफा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ह्यांतली बहुतेक एकमेकांची नातेवाईकही नाहीत. भुईचाफा हळदीच्या कुळातला, तर पांढरा चाफा कण्हेरीच्या कुळातला. अमेरिकेतून आलेल्या झाडाला सुवास होता, म्हणून त्याला सुवासाचे जुने नाव मिळाले. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत ह्याच फुलाला ‘कावळ्याचे फूल’ अशा अर्थाचे नाव होते. समुद्र ओलांडताना कावळा मागे राहिला आणि फुलाच्या वाट्याला चंपकाचा मान आला.

६/
कण्हेरीची गोष्ट ह्याच धर्तीची. तिचे संस्कृत नाव ‘करवीर’; दुसरे नाव ‘अश्वमार’, म्हणजे घोड्याला मारणारी. तिच्या सर्वांगात विष आहे आणि प्राचीन आयुर्वेदाला ते ठाऊक होते. पुढे अमेरिकेतून तिचीच दूरची बहीण आली. लांबट पाने, पिवळी घंटेसारखी फुले आणि तितकेच जहाल विष. मराठीने तिला ‘पिवळी कण्हेर’ म्हणून सरळ घरात घेतले. शास्त्रीय नावात मात्र वेगळी आठवण जपलेली आहे. त्यातला ‘थेवेटिया’ हा शब्द सोळाव्या शतकात ब्राझीलला जाऊन आलेला फ्रेंच धर्मगुरू आंद्रे थेवे याच्या नावावरून आला. एकाच झाडाचे एक नाव प्रवाशाची ओळख सांगते, तर दुसरे ते ज्या घरी स्थिरावले त्या घराची.

७/
दुसरा पुरावा पूजेचा. गणेशपूजनातील एकवीस पत्रींची प्रचलित यादी पाहावी. तीत दूर्वा, शमी, आघाडा, धोत्रा, रुई, डोरली यांच्यासोबत कण्हेर आहे. पांढरा चाफा, बिट्टी, सदाफुली, गुलबक्षी यांना त्या यादीत स्थान नाही. यादी ठरली तेव्हा ही झाडे इथल्या अंगणात नव्हती, ह्या निष्कर्षाशी हे जुळते. पण त्याच पूजेच्या तबकात चाफ्याची आणि बिट्टीची फुले मात्र निःसंकोच वाहिली जातात. शास्त्राने ठरवलेली यादी बदलली नाही. रोजच्या व्यवहाराने मात्र नव्या फुलांसाठी जागा केली. ज्या जिल्ह्यातल्या पेणमधून घरोघरी गणेशमूर्ती जातात, तिथे हा फरक दरवर्षी भाद्रपदात डोळ्यांसमोर असतो.

८/
तिसरा पुरावा ग्रंथांचा. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये भारतात आला आणि गोव्यात स्थायिक झाला. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींचे तपशीलवार वर्णन आहे. त्यात प्राजक्तही आहे, ‘दुःखी वृक्ष’ ह्या नावाने. सूर्यावर प्रेम करून निराश झालेल्या कन्येच्या राखेतून हे झाड उगवले आणि म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत, ही लोककथाही ऑर्टाने नोंदवली. ऑर्टा ज्यू वंशाचा होता. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. ज्या सत्तेने हा ग्रंथ छापू दिला, तिनेच ग्रंथकर्त्याचे हे हाल केले.

९/
अशा ग्रंथांतले मौनही बोलके असते. ऑर्टाच्या ग्रंथात काजूचा उल्लेख नाही. अवघ्या पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये, क्रिस्तोव्हाव द कोस्टा हा दुसरा वैद्य कोचीनच्या बागांतील काजूचे वर्णन करतो. अमेरिकेतली झाडे पश्चिम किनाऱ्यावर कोणत्या दशकांत ओळखीची होत गेली, ह्याचा अंदाज अशा दोन ग्रंथांच्या तुलनेतून बांधता येतो. एकट्या मौनावर सिद्धान्त उभा करू नये, हे खरे. मात्र मौनानंतर लगेच उल्लेख आला, तर काळाची चौकट आखता येते.

१०/
पुढचा टप्पा ‘हॉर्टुस मलाबारिकस’ ह्या बारा खंडांच्या ग्रंथाचा. डच अधिकारी हेंड्रिक फान रेडे याने तो सिद्ध केला आणि १६७८ ते १६९३ ह्या काळात तो ॲम्स्टरडॅममध्ये छापला गेला. केरळचे वैद्य इट्टी अच्युतन आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण त्याच्या ज्ञानाचे आधार होते. ह्या तिघांचे देवनागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. ह्या ग्रंथात गुलबक्षी भेटते, ‘अंदिमल्लेरी’ ह्या मल्याळी नावाने. म्हणजे संध्याकाळी उमलणारे फूल. सतराव्या शतकाच्या अखेरीस ह्या अमेरिकन झाडाला किनाऱ्यावर देशी नाव मिळालेले होते. त्याला परके म्हणून कोणी वेगळे काढत नव्हते.

११/
मुंबई इलाख्यासाठी दोन ग्रंथ महत्त्वाचे. जॉन ग्रॅहमने तयार केलेली मुंबई व परिसरातील वनस्पतींची सूची १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत रानातली आणि बागेतली अशा दोन्ही झाडांची नोंद आहे. त्यानंतर १८६१ मध्ये डॅल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ आला. ह्या लेखकांनी बाहेरून आणलेल्या झाडांसाठी स्वतंत्र पुरवणी जोडली. जे अंगणात शेजारी शेजारी उभे होते, त्यांना शास्त्राने वेगवेगळ्या पानांवर बसवले. इतिहासाच्या अभ्यासकाला ही विभागणी उपयोगी पडते. अंगणाला तिची कधी गरज भासली नाही.

१२/
आता मुख्य प्रश्न. ही झाडे इथे पोहोचली कशी, हे समजण्यासाठी चौलकडे वळावे लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’मध्ये ‘सेमिल्ला’ नावाने आलेले हे बंदर. दहाव्या शतकाच्या आरंभी अल्-मसूदी हा अरब प्रवासी इथे आला. तो त्याला ‘सैमूर’ म्हणतो. पंधराव्या शतकात रशियाचा अफानासी निकितिन आपला घोडा घेऊन इथेच उतरला. अरबी घोडे, कापड आणि मसाले यांच्या व्यापारात हे बंदर दीड सहस्रकाहून अधिक काळ गुंतलेले होते. समुद्रापलीकडून येणारी वस्तू हा इथल्या जीवनाचा नित्य भाग होता.

१३/
मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला. त्या लढाईत लौरेन्सो द आल्मेदा मारला गेला. १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ल्याचे काम सुरू केले. १५७०-७१ चा निजामशाही वेढा त्यांनी परतवला आणि १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगर घेतला. १७४० मध्ये तहाने ही दोन्ही ठाणी मराठ्यांकडे आली. म्हणजे सुमारे दोन शतके कुंडलिकेच्या मुखाशी असे नगर होते, ज्याचा एक धागा लिस्बनला आणि त्यातून ब्राझीलला जोडलेला होता. कोर्लई गावात आजही पोर्तुगीजवर आधारलेली ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, बोलली जाते. भाषा टिकते, तशी झाडेही टिकतात.

१४/
त्या मार्गावरचा प्रवास कसा होता? लिस्बनहून जहाजे मार्च-एप्रिलमध्ये निघत, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून मोझांबिकला थांबत आणि साधारण सप्टेंबरात गोव्याला लागत. सहा महिन्यांच्या ह्या प्रवासात गोड्या पाण्याचे पिंप मोजून उघडले जाई. खलाशी तहानेने आणि रोगाने मरत. त्याच मार्गावर आफ्रिकेतून गुलाम केलेली माणसेही आणली जात. जिथे माणसाला पुरेसे पाणी मिळत नव्हते, तिथे कुंडीतल्या झाडाला कोण देणार? वर खारे तुषार आणि विषुववृत्ताचे ऊन. अशा जहाजावरून सजीव वनस्पती पोहोचायची, तर ती मुळातच तहान सोसणारी असावी लागे.

१५/
आणि इथेच अंगणाचे कोडे सुटते. चाफ्याच्या मांसल फांदीत पाणी आणि चीक साठलेला असतो. झाडापासून तोडलेली फांदी काही आठवडे मातीविना जिवंत राहते. किंबहुना ती लावण्यापूर्वी सावलीत आठ-पंधरा दिवस सुकवून जखम कोरडी होऊ द्यावी लागते. ओली फांदी लावली तर कुजते. जे झाड लावण्याआधी सुकवावे लागते, त्याला लांबचा प्रवास फारसा अवघड नाही. पुढे जमिनीत रुजल्यावर हेच झाड हिवाळ्यात पाने टाकून देते, म्हणजे बाष्पीभवनाचा खर्च बंद करते आणि फांदीतल्या साठ्यावर फुलते. जहाजातले सहा महिने आणि अंगणातले आठ महिने ह्या त्याच्यासाठी एकाच प्रकारच्या परीक्षा होत्या.

१६/
इतरांचेही तसेच. गुलबक्षीचे काळे, मिऱ्यासारखे बी टणक कवचाचे असते, आणि तिचे मूळ रताळ्यासारखे जाड. उन्हाळ्यात वरचे झाड सुकून नाहीसे होते, जमिनीखालचा कंद मात्र पहिल्या सरीची वाट पाहत राहतो. बिट्टीच्या फळातली कठीण बी वर्षभर डब्यात पडून राहिली तरी तिला चिंता नाही. सदाफुलीचे बी मोहरीहून बारीक. अठराव्या शतकाच्या मध्यास ते पॅरिस आणि लंडनच्या उद्यानांत पोहोचले होते आणि १७५९ मध्ये लिनिअसने तिला शास्त्रीय नाव दिले. जोत्याच्या फटीतल्या ह्याच झाडातून विसाव्या शतकात व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही कर्करोगावरील औषधे मिळाली.

१७/
ह्या युक्तिवादाची उलट तपासणीही करता येते. नाजूक झाडे जहाजावर टिकवण्याचे तंत्र १८३० च्या दशकात लाभले. लंडनचे वैद्य नॅथॅनिएल वॉर्ड यांनी काचेची बंद पेटी वापरात आणली. आतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरे, त्यामुळे गोडे पाणी लागत नसे. चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात आली ती अशाच पेट्यांतून. बोगनवेलीचा नमुना कोमर्सों ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७६७ मध्ये रिओ द जानेरोजवळ गोळा केला. बूगँव्हिलच्या जगप्रदक्षिणेत तो सहभागी होता आणि त्याच्यासोबत पुरुषवेषात झान बारे ही स्त्रीही होती. परंतु हिंदुस्थानात ही वेल आली ती थेट एकोणिसाव्या शतकात. पेटीनंतरच्या काळात दूरवरच्या अनेक नाजूक झाडांनाही हिंदुस्थानचा मार्ग मोकळा झाला. त्यापूर्वी पोहोचलेल्यांत मात्र तहान सोसणाऱ्यांचे पारडे जड होते.

१८/
जहाजानंतरची दुसरी चाळणी घरातली होती. अष्टागर हा नारळ-सुपारीच्या वाड्यांचा मुलूख. विहिरीवरच्या रहाटाचे पाणी पाटाने सुपारीच्या आळ्यांत जाई, कारण सुपारी हे उत्पन्न होते. मोरीचे सांडपाणी केळीला आणि अळूला. फुलझाडांसाठी ह्या व्यवस्थेत पाण्याचा वाटा जवळपास नव्हता. जे काही मिळे, ते कळशीच्या तळाशी उरलेले, आणि ती कळशी घरातल्या बाईने कमरेवरून वाहून आणलेली. मे महिन्यात रोज एक कळशी मागणारे झाड तिसऱ्या वर्षी अंगणात दिसत नसे. कोणते फूल परंपरा ठरणार, ह्याचा निर्णय शास्त्राने जितका केला, तितकाच विहिरीवरून येणाऱ्या त्या पाणक्या हातांनी केला.

१९/
तिसरी चाळणी शेळ्या-गुरांची. पावसाळा संपला की गावातली जनावरे मोकळी सुटत आणि हिरवे ते तोंडाला लावत. टिकलेल्या झाडांकडे पाहिले, तर प्रत्येकाजवळ शस्त्र आढळते. कण्हेर आणि बिट्टी जहाल विषारी. म्हणून लहान मुले असलेल्या घरात ती आजही कुंपणाबाहेरच्या बाजूस लावणे शहाणपणाचे. चाफ्याला चीक, सदाफुलीला कडू अल्कलॉइडे, कोरांटीला काटे, बोगनवेलीलाही काटे. तहान, खारा वारा आणि शेळी ह्या तिघांतून जे पार पडले, ते परंपरेने आपले म्हटले.

२०/
देशी झाडांनी ह्याच प्रश्नांची आपापली उत्तरे आधीच शोधलेली होती. कण्हेरीच्या पानाची रंध्रे पानाच्या खालच्या बाजूस खोल खळग्यांत, बारीक लवेआड दडलेली असतात. त्यामुळे कोरडा वारा त्यांतली वाफ ओढून घेऊ शकत नाही. भुईचाफा कोरड्या दिवसांत जमिनीखाली निजतो आणि पाने येण्याआधीच थेट मातीतून फूल काढतो. प्राजक्त उन्हाळ्यात पाने गाळतो. अबोलीच्या सुकलेल्या बोंडांवर पाणी पडले की ती तडकतात आणि बी दूर उडते; पाऊस आल्याची खात्री झाल्याशिवाय ती बी सोडत नाही. आलेल्या परदेशी झाडांनी इथे काही नवा धर्म आणला नाही. त्यांची रीत इथल्या रीतीशी मुळातच जुळत होती.

२१/
एका अंगणातून दुसऱ्या अंगणात ही झाडे गेली ती बाजारातून नव्हे. रोपवाटिकांचा काळ अलीकडचा. माहेरून परतताना सोबत आणलेली चाफ्याची फांदी, शेजारणीने पदरात बांधून दिलेले गुलबक्षीचे बी, देवळाच्या पुजाऱ्याकडून मागून घेतलेली कण्हेरीची काडी, हा ह्या प्रसाराचा खरा मार्ग. मृगाच्या सरी सुरू झाल्या की काड्या मातीत खोचल्या जात आणि पुढचे चार महिने पाण्याची जबाबदारी आभाळ घेई. पहिला पावसाळा मूळ खोल जाण्यासाठी आणि पुढचे आठ महिने त्या मुळाची कसोटी, हे वेळापत्रक कोणत्याही पुस्तकाविना पिढ्यान्पिढ्या पाळले गेले. ह्या देवघेवीची एकही पावती उपलब्ध नाही.

२२/
ह्या देवघेवीने धर्माची कुंपणेही मानली नाहीत. चाफा देवळाच्या आवारात आहे, दर्ग्यापाशी आहे, ख्रिस्ती दफनभूमीतही आहे. गुलबक्षीला मराठीत ‘गुलबास’ असेही म्हणतात. ते फारसी ‘गुल-ए-अब्बास’वरून आले. म्हणजे अमेरिकेचे झाड, फारसी नाव आणि मराठी अंगण. पुढे तर गुलबक्षी हा लुगड्याच्या रंगाचा शब्द झाला, जसा देशी अबोलीचाही झाला. रंगांची नावे भाषेत सहज शिरत नाहीत. ज्या फुलाचे नाव कापडाचा रंग सांगायला पुरते, ते फूल त्या भाषेच्या माणसांनी रोज पाहिलेले असते.

२३/
मात्र प्रत्येक पाहुणा सज्जन निघाला, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. घाणेरी, म्हणजे टणटणी, हीसुद्धा अमेरिकेतलीच, बहुवर्षायु आणि दुष्काळ सोसणारी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. पक्ष्यांनी तिची फळे खाल्ली, बी रानात टाकले आणि आज देशभरातील जंगलांचा मोठा भाग तिने व्यापला आहे. चाफा कुंपणात राहिला, घाणेरी कुंपण ओलांडून गेली. तेव्हा झाड कोठून आले, एवढ्यावर निवाडा करता येत नाही. ते आल्यावर शेजाऱ्यांशी कसे वागले, हे तपासावे लागते.

२४/
हा सगळा इतिहास आज का सांगायचा? कारण ज्या व्यवस्थेने ही फुले निवडली, ती व्यवस्था मोडत आहे. अष्टागरच्या जुन्या वाड्यांच्या जागी सुट्टीची घरे उभी राहत आहेत आणि त्यांच्यासमोर हिरवळ अंथरली जात आहे. हिरवळीला कोरडे आठ महिने सतत पाणी लागते. किनाऱ्याच्या वाळूत पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते. ते एका कुंपणापुरते थांबत नाही. शेजारच्या घराची विहीर आणि वाडीतली सुपारी यांनाही त्याची झळ लागते. हिरवळ ज्याच्या दारात असते, तहान त्याच्याच वाट्याला येते असे नाही.

२५/
३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि नारळ-सुपारीच्या असंख्य वाड्या आडव्या झाल्या. सुपारीला पुन्हा उत्पन्न देण्यास कित्येक वर्षे लागतात. चाफ्याचे तसे नाही : त्याची मोडलेली फांदी सुकवून पुन्हा मातीत खोचली की नवे झाड होते. वाडीच्या उत्पन्नाची जागा हे झाड घेऊ शकत नाही. परंतु वादळ, टंचाई आणि खारे वारे ज्या किनाऱ्याच्या नशिबी वारंवार येतात, तिथे मोडल्यावर रुजणाऱ्या झाडांची माहिती हे जगण्याचे साधन आहे. जुने घर पाडताना अंगणातला चाफा तोडला जातो, तेव्हा लाकूड फारसे वाया जात नाही. हरवते ती त्या घरातल्या कोणा स्त्रीने कधीतरी केलेली निवड, जिची नोंद झाडाखेरीज अन्य कोठेही नाही.

२६/
शेवटी किनाऱ्यावरच यावे. भरतीच्या रेषेच्या थोडे वर, रखरखीत वाळूत, जांभळ्या फुलांची एक बहुवर्षायु वेल पसरलेली असते. तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राने इथवरच यावे, अशी मर्यादा ती घालते अशी नावामागची कल्पना. हिचे बी खाऱ्या पाण्यावर तरंगत महिनोन् महिने प्रवास करते आणि परक्या किनाऱ्यावर रुजते; म्हणूनच जगाच्या सर्व उष्ण किनाऱ्यांवर ती आढळते. तिला ना पोर्तुगीज जहाज लागले, ना काचेची पेटी. जिच्या नावातच मर्यादा आहे, तिने कोणतीच सीमा मानली नाही. तिच्यापासून शंभर पावलांवरच्या अंगणात मेक्सिकोचा चाफा मराठी नाव घेऊन फुललेला असतो. दोघांनाही ह्या किनाऱ्याने एकच प्रश्न विचारला होता : आठ महिने पाण्याविना राहता येईल काय? ज्यांचे उत्तर होकारार्थी आले, ती झाडे इथली झाली.